तराजू धरणारा हात : वऱ्हाडच्या कापूस बाजारातील नोकरी, नीती आणि नियम



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राने फोन करून विचारलं, "कर्मचाऱ्यांचं गैरवर्तन आणि कामाच्या जागची नीती हा तर कंपन्यांच्या एचआरवाल्यांचा विषय. तुम्ही इतिहासवाले त्यात कुठे शिरता?" प्रश्न रास्त आहे. पण आपण अमरावतीत बसलोय, आणि वऱ्हाडात या प्रश्नाचा इतिहास कुठल्याही कंपनीच्या आचारसंहितेपेक्षा जुना आहे. तो कापसाच्या गाडीवर बसून बाजारात आला. म्हणून आज ऑफिसातून नाही, बाजारातून सुरुवात करू.

सुरुवातीला घरची एक आठवण सांगतो. माझे आबाजी दर्यापूरकडचे शेतकरी. ते कापसाची गाडी घेऊन बाजारात जायचे ती गोष्ट आम्हा नातवंडांना बरेचदा सांगत. पहाटे गाडी जुंपायची, बाजारात लावायची, सौदा व्हायचा, मग माल जिनात जायचा आणि तिथे काटा व्हायचा. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. आबाजी हसून म्हणायचे, "लाभ खरा, पन कोनाचा ते त्यानं कधी सांगतलं नाही." आणि पुढे म्हणायचे, "तराजू त्याईचा, मापारी त्याईचा. मंग माह्या मालाचं वजन मले कोन सांगन?"

या एका वाक्यात आजचं सगळं व्याख्यान आहे. मापारी हा काम करणारा माणूस. त्याचं काम एकच, खरं वजन सांगणं. पण तो नोकर कोणाचा? त्याची मजुरी कोण देतं? त्याने खोटं सांगितलं तर तक्रार कोणाकडे करायची? आणि खरं सांगितलं म्हणून त्याचं काम गेलं, तर त्याच्या मागे कोण उभं राहणार?

आता थोडं मागे जाऊ.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकन कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत गेली. 1870 मध्ये खामगावची शाखा सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापसासाठी वेगळा कॉटन कमिशनर नेमला होता, त्याचं नाव रिव्हेट-कार्नाक. एखाद्या पिकासाठी स्वतंत्र अधिकारी, स्वतंत्र रेल्वे फाटा! त्यावरून या मालाचं वजन ओळखा.

आणि नावही बघा. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात या भागातल्या कापसाला 'उमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती. एका गावाचं नाव मालाची जात म्हणून हजारो मैलांवर चालत होतं. त्यामुळे इथल्या काट्यावर, इथल्या जिनात कोणी लबाडी केली, की बट्टा त्या एकट्याला लागत नसे, गावाच्या नावाला लागत असे.

बट्टा लागतही होता. कापसात पाणी मारणं, सरकी, माती, पालापाचोळा मिसळणं, चांगल्या मालात हलका माल भरणं, हे सर्रास चाले. त्या काळात लँकेशायरमध्ये हिंदी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि हा शब्द तिथे भिकार मालाला शिवी म्हणून रूढ झाला. इतका, की एका दारू गाळणाऱ्याला कोणीतरी 'सुरत ब्रूअर' म्हटलं म्हणून तो बदनामीचा दावा घेऊन कोर्टात गेला.

सरकारने काय केलं? कायदा केला. मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध 1829 मध्येच नियम झाला होता. 1863 मध्ये नवा कायदा आला, तपासनीस नेमले गेले. पण हे कायदे कोणासाठी होते, हे नीट बघा. ते घेणाऱ्यासाठी होते. मँचेस्टरला शुद्ध माल मिळावा ही त्यामागची काळजी. माल पिकवणाऱ्याला खरं वजन मिळतंय का, हा प्रश्न त्या कायद्यांच्या केंद्रस्थानी नव्हता. गैरवर्तन म्हणजे काय, हे नेहमी कोणीतरी ठरवतं. आणि जो ठरवतो त्याला आपलं नुकसान आधी दिसतं, दुसऱ्याचं उशिरा.

आता दुसऱ्याचं, म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान कसं होत होतं ते पाहू. 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला. लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष. देशभरच्या बाजारांतल्या ज्या खोडींची नोंद त्यात झाली, त्यांतल्या बऱ्याच आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होत्या. एका गाडीचा दिवस डोळ्यांसमोर आणा.

सकाळी गाडी बाजारात आली. अडत्याने ती आपल्याकडे लावून घेतली. बऱ्याचदा त्याच अडत्याकडून पेरणीला पैसे घेतलेले, त्यामुळे दुसरीकडे जाण्याची सोय नाही. दलाल खरेदीदाराला घेऊन आला. सौदा झाला तो रुमालाखाली. दोघांनी कापडाखाली हात घालून बोटं दाबली आणि भाव ठरला. ज्याचा माल, तो शेजारी उभा, पण त्याला भाव दिसला नाही, ऐकूही आला नाही. नमुना म्हणून येणारा-जाणारा मूठ मूठ कापूस काढतोय, त्याचे पैसे नाहीत. मग गाडी जिनाच्या आवारात गेली, अर्धी रिकामी झाली, आणि तिथे खरेदीदाराचा माणूस म्हणतो, "आतला माल ओला आहे, कवडी आहे." झाला वांधा. संध्याकाळ झालेली, बैल थकलेले, अर्धा माल ढिगात पडलेला. परत नेणार कसा? भाव उतरला. मग काटा झाला. मग पट्टीतून कपात: अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय, गोरक्षण. पुण्यकर्म व्यापाऱ्याच्या नावावर, पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून!

आता या दिवसात गैरवर्तन कोणी केलं? दलालाला विचारा, तो म्हणेल रुमालाखालचा सौदा ही बाजाराची रीत आहे. मापाऱ्याला विचारा, तो म्हणेल कडता मी ठरवत नाही. अडत्या म्हणेल, धर्मादाय तर माझ्या बापाच्या काळापासून चालू आहे. कोणीच खोटं बोलत नाही. ज्याने त्याने आपला वाटा रीतीप्रमाणे उचलला. एखादी लबाडी एकदा केली की ती लबाडी असते. रोज, सगळ्यांनी मिळून केली, की ती रीत होते, आणि मग तिला कर्ता सापडत नाही. आजच्या ऑफिसात "इथे असंच चालतं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते याच रीतीचं.

एक साधा हिशेब करू. आजचे आकडे धरू, केवळ उदाहरण म्हणून. समजा गाडीत 10 क्विंटल कापूस आहे आणि काट्यावर क्विंटलमागे 1 किलो गेला. म्हणजे 10 किलो. भाव क्विंटलला 7,000 रुपये धरला तर शेतकऱ्याचे 700 रुपये गेले. तो कदाचित भांडणारही नाही, कारण भांडण्यात दिवस जाईल. पण त्याच काट्यावर दिवसाला अशा 50 गाड्या झाल्या, तर 500 किलो, म्हणजे 35,000 रुपयांचा माल रोज कुठेतरी जातो. नुकसान पन्नास घरांत वाटलेलं, फायदा एका जागी साचलेला. अशा गैरवर्तनाला तक्रारदार मिळत नाही तो याच कारणाने.

मग वऱ्हाडने काय केलं? इथे आपल्याला थोडा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. हिंदुस्थानातल्या नियंत्रित बाजारांचा इतिहास लिहिताना पहिलं नाव येतं ते कारंज्याचं, आजच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने तिथला कापूस बाजार नियमाखाली आला. आणि 1897 मध्ये खास वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. रेसिडेंटने एखादी जागा बाजार म्हणून जाहीर करायची, तिच्यावर देखरेखीला समिती नेमायची, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने द्यायचे, वजनं तपासायची, फी ठरवून घ्यायची. असा स्वतंत्र कायदा देशात पहिलाच.

यातला महत्त्वाचा शब्द आहे परवाना. परवाना म्हणजे काय? मापारी आता कोणा एका जिनवाल्याचा माणूस राहिला नाही. निदान कागदावर तरी तो बाजाराचा माणूस झाला. त्याची तोलाई ठरलेली. त्याने लबाडी केली तर परवाना जाऊ शकतो. नीतीचा उपदेश करून माणूस सुधारण्याची वाट न बघता, तो कोणाला उत्तरदायी आहे हेच कायद्याने बदलून टाकलं. कामाच्या जागची नीती म्हणून जे आज शिकवलं जातं, त्यातला निम्मा भाग हाच आहे.

पण उरलेल्या निम्म्यात घोळ झाला. समितीवर कोण होतं? मुख्यतः व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं. ज्याचा माल काट्यावर चढतो त्या शेतकऱ्याला हक्काची जागा नव्हती. तीस वर्षांनी रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या बाजारांचं महत्त्व मान्य केलं आणि नेमकं याच उणिवेवर बोट ठेवलं. म्हणजे मापाऱ्याची तक्रार घेऊन शेतकरी जिथे जाणार, तिथे खुर्चीवर बसलेला माणूस कोण? ज्याच्या फायद्यासाठी मापाऱ्याने माप मारलं असेल, त्याच्याच जातकुळीतला. आजही एखाद्या संस्थेत तक्रार निवारण समिती असते आणि तिचे अध्यक्ष तेच साहेब असतात ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. अशी समिती नसती तरी काय फरक पडला असता?

इथे थोडं वऱ्हाडाबाहेर जाऊ या. कारण त्याच सुमारास पुण्यात एक प्रकरण घडलं, ज्याने तक्रार करणाऱ्याचं काय होतं हे दाखवून दिलं. क्रॉफर्ड प्रकरण. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचं नाव होतं, ते आर्थर क्रॉफर्ड. आधी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर, नंतर मध्य विभागाचे कमिशनर. 1888 मध्ये त्यांच्यावर आरोप आला की मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्यांसाठी हाताखालच्या लोकांकडून पैसे घेतले जातात, आणि हा व्यवहार हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत चालतो. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी लावली. पण पुरावा आणायचा कुठून? पैसे ज्यांनी दिले तेच साक्षीदार, आणि लाच देणं हाही गुन्हा. सरकारने मामलेदारांना वचन दिलं की खरं सांगा, तुम्हाला अभय आहे. त्यांनी सांगितलं.

निकाल काय लागला? मध्यस्थाला शिक्षा झाली. चौकशी आयोगाने क्रॉफर्डवरचे लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत, मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका ठेवला, आणि ते नोकरीतून गेले. यानंतर खरा वाद पेटला. इंग्लंडमध्ये ओरड झाली की लाच देऊन पद मिळवलेले मामलेदार न्यायदानाच्या खुर्चीवर बसतातच कसे? दिलेलं अभय डळमळलं. 1889 मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा झाला खरा, पण काहींच्या नोकऱ्या गेल्याच. लोकमान्य टिळकांनी त्या वेळी मामलेदारांची बाजू लावून धरली. लाच देणं चांगलं, असं त्यांचं म्हणणं अर्थातच नव्हतं. सरकारने शब्द दिला होता, तो पाळला पाहिजे, हा मुद्दा होता.

हे प्रकरण मला आपल्या विषयात फार मोलाचं वाटतं. गैरवर्तन उघड करणारा माणूस स्वच्छ धुतलेला असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो त्या व्यवहारात कोपरापर्यंत बुडालेला असतो, म्हणूनच त्याला आतलं माहीत असतं. त्याच्या तोंडून खरं काढून घ्यायचं आणि नंतर त्यालाच बाहेर काढायचं, असं एकदा झालं की पुढची पन्नास वर्षं कोणी तोंड उघडत नाही.

आणि आता आबाजींची राहिलेली गोष्ट सांगतो. ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली, मी कॉलेजात असताना. एका वर्षी कापूस कमी झाला होता, देणं जास्त होतं. बाजारात निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतः गाडीवर पाणी मारलं होतं. मी गप्पच झालो. ते म्हणाले, "आमी काई देव नोतो, बापू. काट्यावर तो मारते, म्हून आमी घरी मारत होतो. तो म्हने, तुमी पानी मारता म्हून आमी कडता घेतो. पयले कोनं सुरू केलं, देवालेच मालूम."

बघा, विश्वास गेला की दोन्ही बाजू आपापली चोरी दुसऱ्याच्या चोरीवर टाकून मोकळ्या होतात. आणि यात भरडला कोण जातो? ज्याने पाणी मारलं नाही तो. त्याच्याही मालावर कडता लागतोच. प्रामाणिक माणसाला दंड आणि अप्रामाणिकाला भरपाई, अशी ती व्यवस्था होती.

या दुष्टचक्रातून बाहेर काढणारा एक उपाय मात्र इतिहासात दिसतो, आणि तो अगदी साधा आहे: खूण. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एक कापूस समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून 1921 मध्ये मध्यवर्ती कापूस समिती उभी राहिली. 1923 मध्ये कापूस वाहतुकीचा कायदा झाला, 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा. त्यानुसार दाबलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक आला. कारखान्याने नोंदवह्या ठेवायच्या. म्हणजे मुंबईत गाठ फोडली आणि आत ओला कापूस निघाला, तर ती अकोल्याच्या कुठल्या प्रेसमधली हे कळणार. त्या आधी गाठ निनावी होती. निनावी गाठीत काय घालायचं हे ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर होतं. खूण आल्यावर माणसं रातोरात साधू झाली असं नाही. पण "मला काय माहीत" हे उत्तर देणं अवघड झालं.

जिनाचा विषय निघालाच आहे तर मालकांकडेही बघू, नाहीतर आपण फक्त मापाऱ्याला आणि हमालालाच कठड्यात उभं करू. देशातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. तो 100 किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने त्यातून सुटत. आपल्याकडचं जिनिंग म्हणजे हंगामीच काम. शेजारच्या खानदेशातल्या जिनांमध्ये बाया-माणसांना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवलं जातं, हे मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे 1880 च्या दशकात खुद्द जिन चालवणाऱ्याच्या साक्षीतून आलं. म्हणजे कापसात माती मिसळणं हा गुन्हा 1829 पासून, आणि कापूस निवडणाऱ्या बाईला सोळा-सोळा तास उभं ठेवणं यावर बंधन यायला त्यानंतरही कित्येक दशकं. मालाची शुद्धता आधी, माणसाची थकवण नंतर. कामाच्या जागची नीती म्हणताना आपण फक्त कामगाराची नीती तपासतो का, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

स्वातंत्र्याकडे येऊ. मध्य प्रांत-वऱ्हाडात 1932 मध्ये कापूस बाजाराचा आणि 1935 मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्र झाल्यावर 1963 चा बाजार समिती कायदा आला. उघड लिलाव आला, रुमाल गेला. 1958 पासून मेट्रिक वजनं येऊ लागली आणि मण-शेर-खंडीचा गोंधळ हळूहळू संपला. बाजार समितीत शेतकरी प्रतिनिधींचं बहुमत झालं. आणि एक जागा हमाल-मापाऱ्यांच्या प्रतिनिधीला मिळाली. ही जागा मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्यावर सगळे संशय घ्यायचे, त्यालाही टेबलाशी बसवलं. 1969 मध्ये माथाडी कायदा आला. हमालाची, तोलणाऱ्याची नोंद मंडळाकडे, मजुरीही मंडळामार्फत. ज्याची मजुरी निश्चित आहे आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर नाही, त्याला खरं वजन सांगणं परवडतं. प्रामाणिकपणा परवडावा लागतो, मंडळी. तो फुकट मागणं ही मालकांची जुनी सवय आहे.

मग सगळं ठीक झालं का? नाही. 1971 मध्ये कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा झाला आणि 1972 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार योजना सुरू झाली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या पुसदचे. कल्पना मोठी होती. मधला व्यापारीच काढून टाकायचा. कापूस फक्त सरकारी यंत्रणेने घ्यायचा, हमीभाव द्यायचा, नफा झाला तर बोनसही शेतकऱ्याला. आधी पणन महासंघ, 1984 पासून कापूस पणन महासंघ हे काम बघू लागला.

व्यापारी गेला, पण काटा राहिला. आणि काट्याशेजारी एक नवा माणूस उभा राहिला, तो म्हणजे ग्रेडर. कापूस हातात घ्यायचा, धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगायची. प्रत एक पायरी खाली गेली की भाव खाली. आणि हा निर्णय एका माणसाच्या बोटांत. केंद्रासमोर गाड्यांची रांग, दोन-दोन दिवस मुक्काम, चुकारे हप्त्याहप्त्याने. रांगेत पुढे घेणं हीसुद्धा विकण्याची वस्तू झाली. कधी बाहेरच्या राज्यांत भाव जास्त, तर इथला कापूस सीमेपलीकडे जायचा. कधी इथला हमीभाव जास्त, तर तिकडचा कापूस शेतकऱ्याच्या नावावर इथल्या केंद्रात यायचा. हे केंद्रावरच्या माणसांना कळल्याशिवाय होणं कठीण. योजना पुढे तोट्यात गेली, त्याची कारणं अनेक आहेत, भावाच्या राजकारणापासून जागतिक बाजारापर्यंत. सगळं खापर ग्रेडरवर फोडणं अन्यायाचं होईल. 2002 नंतर खासगी खरेदीला पुन्हा मोकळीक मिळाली आणि एकाधिकाराचं पर्व सरलं.

पण आपल्या विषयापुरता धडा स्पष्ट आहे. मालक बदलला म्हणून नीती बदलत नाही. व्यापाऱ्याच्या काळात शेतकऱ्याला निदान दुसऱ्या अडत्याकडे जायची धमकी देता येत होती. एकाधिकारात तीही गेली. एकाच माणसाच्या हाती निर्णय, त्याच्यावर दाद नाही आणि दुसरं दार बंद, या तीन गोष्टी एकत्र आल्या की भल्या माणसाचाही हात थरथरतो. पाटी सरकारी आहे की सहकारी की खासगी, याने फरक पडत नाही.

आज आपण कुठे आहोत? काटा इलेक्ट्रॉनिक झाला. आकडा सगळ्यांना दिसतो. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजायला यंत्र आहे, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, त्यापुढे माल परत. खूप सुधारणा आहे, नाकारू नये. पण यंत्र गाडीत कुठे खुपसायचं, वरच्या उन्हात वाळलेल्या थरात की आतल्या दमट भागात, हे अजून माणूसच ठरवतो. आबाजी असते तर म्हणाले असते, यंत्र ठीक, पण धरणारा कोनाचा?

म्हणून शेवटी, इथे बसलेले जे बँकेत, शाळेत, दवाखान्यात, कार्यालयात काम करतात, त्यांच्यासाठी या दीडशे वर्षांतून चार प्रश्न काढून ठेवतो. आपल्या कामाच्या जागी ते विचारून बघा. एक, तोलणाऱ्याची मजुरी कोण देतं, आणि त्याने खरं सांगितलं तर ती चालू राहते का? दोन, सौदा उघड होतो की रुमालाखाली? तीन, गाठीवर खूण आहे का, म्हणजे हे काम कोणी केलं ते मागाहून कळतं का? आणि चार, ज्याचं नुकसान होतं त्याला समितीत जागा आहे का? या चारांची उत्तरं बरी असतील तर साधारण माणसंही सचोटीने वागतात. उत्तरं वाईट असतील तर भिंतीवर कितीही सुविचार लावा, उपयोग नाही.

(यानंतर श्रोत्यांपैकी एका ताईंनी विचारलं : म्हणजे माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही का? सगळं व्यवस्थेवरच?)

ताई, बरं झालं विचारलंत. आहे, जबाबदारी आहे. व्यवस्था वाईट होती म्हणून आबाजींनी पाणी मारलं, हे खरं. पण त्याच गावात पाणी न मारणारेही होते, हेही तितकंच खरं. आबाजींना ते माहीत होतं, म्हणून तर ती गोष्ट सांगायला त्यांना चाळीस वर्षं लागली. व्यवस्था चांगली असली की सरळ वागणं सोपं होतं, एवढंच मी म्हणतो. ती वाईट असताना जे सरळ वागले त्यांची नावं कुठल्याच अहवालात नाहीत. कडता त्यांनीही भरला. त्यांचं ऋण मानायचं असेल तर पुढच्या पिढीला त्यांच्याइतकं धैर्य लागणार नाही, असे बाजार आणि अशी कार्यालयं उभी करू.